दमलो म्हणायचं नाही

माझ्या मांडीला टेप लावणारी ती पहिलीच. शिंपीसुद्धा कधी तिथवर पोचला नव्हता, कारण आम्ही माणसं जन्मभर अर्ध्या चड्डीत, नाहीतर पंचात वावरलेली. पायाचे व्यायाम करून घ्यायला येणारी ही पोरगी कट्टा गावाहून स्कूटरवर आली, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चप्पल काढली, मला खुर्चीत बसवलं आणि पिशवीतून टेप काढून माझ्या गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर गुंडाळली. मी म्हटलं, "गो चेडवा, पायजमो शिवतलंस काय माझो?"

"शिवतलंय," ती टेपवरून नजर न काढता म्हणाली, "पण आत घालूक आधी मांडी तरी व्हयी."

माझी धाकटी बहीण दारात उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसली. या पोरीपुढे आपलं तोंड चालणार नाही हे मला तेव्हाच कळलं.

खरं म्हणजे पोरगी खोटं बोलली नव्हती. श्रावणात विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून माझा पाय गेला होता. चिऱ्याची पायरी, माझ्या बापाने बसवलेली, पाळण्यातून उतरलो तेव्हापासून मी तिच्यावरून चढउतार केलेली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात सळी घातली, घरी आणून खाटेवर निजवलं, आणि गणपती कधी आले नि कधी गेले ते मी छपराकडे बघत घालवलं. उठून बसलो तेव्हा उजवी मांडी सुक्या बोंबलासारखी झाली होती. हात लावला तर दुसऱ्याच कुणाची तरी वाटली.

मी रापणीतला माणूस. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल टाकलेलं भलं मोठं जाळं. त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं ते ओढत वाळूवरून मागे मागे जातात. वर पोचलं की दोर सोडायचा, खाली चालत यायचं, पाण्याच्या कडेला पुन्हा धरायचा. माझी जागा दोरावर सगळ्यात पुढे, गुडघाभर पाण्यात. तिथे लाट छातीवर येते, पायाखालची वाळू सरकते, आणि अख्ख्या जाळ्याचा भार पहिल्यांदा तुमच्याच मांड्यांवर येतो. ती जागा मला कुणी दिली नव्हती. मी घेतली होती, आणि म्हातारा होईपर्यंत सोडली नव्हती.

दोरावर एक रीत आहे. मागचा माणूस पुढच्याला विचारतो, "दमलंस?" आणि पुढचा म्हणतो, "नाय." हे काही विचारणं नव्हे, वाटेत भेटलेल्या माणसाला 'खंय चललंस' म्हणतात त्यातलाच प्रकार. जीव घशाशी आलेला असो, हाताची सालं गेलेली असोत, उत्तर एकच. आमच्यातला एक चांगला दणकट गडी एकदा "होय, दमलंय" म्हणून गेला. त्याला वर पाठवलं, दोराची गुंडाळी करायला, जिथे म्हातारे नि ताप आलेले बसतात. दुसऱ्या दिवशी तो परत दोरावर आला, पण उपयोग काय. पुढे त्याच्या मुलाला शाळेत 'दमलेल्याचो झील' म्हणायचे.

मी शाळेत फार गेलो नाही. जे शिकलो ते दोरावर, आणि पहिला धडा हाच.

आता मुलाचं सांगतो. तो मुंबईला नोकरीला. इस्पितळातून सुटायच्या दिवशी माझ्या खाटेशी बसून त्याने सरळ सांगितलं, "बाबा, शिमग्याला मी येईन. तोवर खुर्चीवरून हात न टेकता उठता आलं पाहिजे, आणि घराच्या पायऱ्या कुणाला न धरता चढता आल्या पाहिजेत. जमलं तर तुम्ही इथे राहा. नाही जमलं तर माझ्याबरोबर चला, घर बंद करू. तुम्ही परत पडलात आणि आत्या एकटी असली तर मी तिकडून काय करणार?"

तो वाईट बोलला असं मी म्हणणार नाही. पण त्याच्याकडे मी राहून आलोय. घर एवढं उंचावर की खाली बघितलं तर माणसांच्या टाळवाच दिसतात. खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी लावलेली. कबुतरं बाहेर मजेत बसलेली असत आणि आत मी. सून चांगली आहे, जेवायला बसवून वाढते. पण तिथे सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न असतो, आणि संध्याकाळपर्यंत तो तसाच असतो.

आणि बहीण? ती तरुणपणी विधवा झाली तेव्हापासून माझ्याकडे. माझी बायको गेल्यावर घर तिनेच धरलं. हे घर बंद झालं तर तिला वालावलला दिराच्या घरी जाऊन राहावं लागणार होतं, जिथून ती लग्नकार्याला गेली तरी पुढच्याच गाडीने परत येते. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण मुलाचं बोलणं झाल्यापासून पेजेत तूप दिसायला लागलं.

तर दिवाळीपासून पोरीने माझ्यावर काम सुरू केलं. घोट्याला वाळूचा पट्टा बांधून पाय उचलायचा. रबराचा पट्टा खांबाला अडकवून पायाने ताणायचा. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. मुठीत दाबायचं एक यंत्र होतं, त्यावर काटा. ते दर खेपेला दाबायचं. ती म्हणायची हाताची मूठ सगळ्या अंगाची खबर देते. आणि प्रत्येक कामानंतर तिचा प्रश्न. तेव्हा ती पुस्तकी मराठीत शिरायची.

"आजोबा, शून्य म्हणजे नुसतं बसून आहात. दहा म्हणजे आता एक पाऊलही नको. किती दमलात?"

"दोन," मी म्हटलं.

"दोनच?"

"बरा, दीड म्हण."

"आणि परवाच्या व्यायामाचं दुखणं आज किती आहे?"

"दुखाक काय झाला?"

ती मोबाईलवर ते टिपून घ्यायची आणि पुढच्या खेपेला पट्ट्यात वाळू वाढवायची. तिचा काय दोष? मापाला मी होतो, आणि माप मीच खोटं देत होतो. पण तेव्हा मला ते खोटं वाटतच नव्हतं. 'दमलंस?' म्हटलं की तोंडातून 'नाय' बाहेर पडतं. त्याला विचार लागत नाही.

मांड्या मात्र पेटलेल्या असायच्या. रात्री कुशीवर वळताना दात आवळायचे. आणि ते मला बरंच वाटायचं. दोर खरा ओढलास तर अंग दुखणारच. दुखलं नाही तर तू नुसता टेकून उभा होतास. आमच्या किनाऱ्यावर पुण्याकडचे व्यायामशाळेतले पोरगे यायचे, दंडावर चित्रं काढलेले. फोटोसाठी दोर धरायचे, हौसेने दोन फेऱ्या ओढायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना खोली देणारी घरमालकीण सांगत यायची की त्यांना संडासात बसायला येत नाही. आम्ही वाळूवर लोळून हसायचो. आता मीच कमोडच्या खुर्चीवर दोन्ही हात टेकून उतरत होतो, पण ते बघायला कुणी नव्हतं.

मुलाने एक काळं घड्याळ पाठवलं. वेळ बघायला नव्हे. नाडी किती, झोप किती, चाललो किती, ते सगळं त्याच्या मोबाईलवर जायचं. बहिणीने ते माझ्या मनगटावर बघितलं आणि म्हणाली, "लोढणा घातलेल्या पाड्यासारखो दिसतंस."

"पाडो तरी कुंपण मोडून जाता," मी म्हटलं.

कारण मला कुंपणाबाहेर जायची बंदी होती. आमच्या घरापासून किनाऱ्याची वाट चिऱ्याची आणि उतरणीची. खळ्यातल्या खुर्चीवरून माडांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसते, पंचाएवढी रुंद. रापण लागली की त्या पट्टीत होडीचं नाक यायचं आणि निघून जायचं. माणसं दिसत नसत, आवाज तेवढे यायचे. कुणाची जागा कुणी घेतली असेल ते मी आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करायचो, आणि घड्याळ मुलाला सांगायचं की बाबा बसून आहेत.

पोरीचा आणखी एक नियम होता. एक दिवस व्यायाम, मग एक दिवस काही नाही. नुसतं खाणं, झोपणं, अंगणातल्या अंगणात थोडं चालणं. ती म्हणायची, "आजोबा, ताकद व्यायाम करताना येत नाही. व्यायाम करताना मांस झिजतं. मागाहून अंग ते भरून काढतं, आणि भरताना थोडं जास्त भरतं. ते भरायला वेळ नाही दिला तर नुसतीच झीज."

मी मान हलवली. मनात म्हटलं, ही पगारी माणसांची शिकवण. रविवारची सुट्टी यांना कुठेही लागते. शिमगा जवळ येत होता आणि मी एक दिवसाआड रिकामा बसून राहणार? रापण लागते तेव्हा मासळी असेपर्यंत रोज लागते.

म्हणून मी न्हाणीत जायला लागलो. आमची न्हाणी घराच्या मागे, दार लावलं की कुणाला दिसत नाही. घड्याळ विहिरीच्या काठावर काढून ठेवायचं, पाण्याची बादली घ्यायची आणि ती पायाने, हाताने, जमेल तशी उचलायची. भिंतीला पाठ लावून खाली सरकायचं, वर यायचं. बहीण बाहेरून विचारायची, "दादा, न्हालंस?" मी आतून म्हणायचो, "न्हातंय."

मुलाचा फोन आला. "बाबा, घड्याळ सारखं का काढता?"

"आंघोळीक."

"दिवसातून दोन-तीनदा?"

बहिणीने फोन हातातून घेतला. "तुझो बापूस जन्मात इतको न्हालेलो नाय रे," ती म्हणाली. "साबणवालो ह्येच्यावर घर बांधतलो." मुलगा हसला. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. हसली नाही. तिला बादली आपटल्याचे आवाज येत होते.

"कित्याक करतंस ता?" तिने विचारलं.

"तुका वालावलीक जावचा आसा?"

ती आत गेली. ते मी बोलायला नको होतं, पण बोललो.

पौष गेला, माघ लागला. माझ्या हिशोबाने मी दुप्पट काम करत होतो, तर दुप्पट माणूस व्हायला हवा होता. पण सकाळी खाटेवरून उतरताना पाय आपले वाटायचे नाहीत. चहाची कपबशी हातात वाजायची. पोरीने मूठ दाबायला दिली की काटा आधी जिथे जायचा तिथपर्यंतसुद्धा जाईना. मी दात-ओठ खाऊन दाबायचो, काटा आपला मध्येच थांबायचा. तिने टेप लावली. मांडी पूर्वी जरा भरली होती तेवढीच, त्यापुढे नाही. नाडी बघितली, ती सकाळीच धावत होती.

"झोप लागते?"

"लागता."

लागत नव्हती. घड्याळालाही ते माहीत होतं.

"आज किती दमलात?"

"दोन."

तिने टेप गुंडाळून पिशवीत टाकली. मग मालवणीत आली. "आजोबानु, तुमचे आकडे आणि तुमचो हात जुळणत नाय. माझा खंय चुकता काय?"

तेव्हा बोलायची वेळ होती. मी म्हटलं, "वय झाला, गो." तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. हे एक वाक्य माझ्यावर किती मोठी धोंड टाकणार आहे ते मला कळलं नाही.

शिमग्याला मुलगा आला. त्याने आल्या आल्या काही विचारलं नाही, आत्याच्या हातचं बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं. पण मी त्याचे डोळे बघत होतो. मी आतून पाणी आणायला उठलो की ते माझ्या गुडघ्यांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी येणार होती आणि तिच्यासमोर खुर्ची नि पायऱ्या. म्हणून आदल्या दिवशी मी न्हाणीत नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला.

सकाळी खुर्ची खळ्यात ठेवली. पोरगी एका बाजूला, मुलगा एका बाजूला, बहीण उंबऱ्यात. हात छातीवर घडी करून ठेवायचे आणि उठायचं. मी पुढे वाकलो, मांड्यांना हुकूम दिला. बूड सुटलं, थोडं वर आलं, आणि तिथेच सगळं गळालं. खुर्चीत परत आपटलो. पुन्हा केलं. या वेळी तेवढंही नाही. तिसऱ्या खेपेला माझे हात आपोआप खुर्चीवर गेले आणि मी उठलो, पण ते कशात धरायचं नव्हतं. पायऱ्यांवर दुसऱ्याच पायरीला गुडघा लटपटला. मुलाने दंड धरला. त्याच्या धरण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्याने मला ओटीवर बसवलं आणि पोरीला बाजूला विचारायला गेला. बाजूला म्हणजे किती, तर खळ्याच्या कडेला. मी म्हातारा आहे, बहिरा नाही.

ती म्हणाली, "मी वजन वाढवत गेले, कारण ते दमत नाहीत म्हणतात. दुखत नाही म्हणतात. दमून ताकद कमी झाली असती तर मी विश्रांती दिली असती, भरून आली असती. पण न दमता ताकद कमी होत असेल, तर शरीर व्यायामाला साथच देत नाहीये. वय आहे. अशा वेळी इथे ठेवणं मला तरी बरोबर वाटत नाही."

"मग नेतो," मुलगा म्हणाला. एवढंच. मग तो आला आणि माझ्या शेजारी बसून माडांचं बोलायला लागला. नारळ कुणाला काढायला द्यायचे, पंपाचं वीजबिल, वाडीतलं कोण चावी ठेवून घेईल. बहीण उंबऱ्यातून आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाजसुद्धा येईना.

मी तिथे बसून पहिल्यांदा नीट विचार केला. मी दमलो नाही म्हणालो, म्हणून ते म्हणतात मी संपलो. मी दमलो म्हणालो असतो तर ते म्हणाले असते, थांबा, भरून येईल. इतक्या वर्षांत ज्या शब्दाने मला दोरावर पहिल्या जागी उभं ठेवलं, तोच आता मला कबुतरांच्या जाळीमागे नेऊन बसवत होता. सुटायची एकच वाट होती, आणि त्या वाटेवरून जाणाऱ्याला आम्ही जन्मभर हसलो होतो.

बहीण परत दारात आली. "दादा, तू बोलतंस काय मी बोलू?"

"काय बोलतलंस?"

"न्हाणीत काय चालता ता."

मुलगा माडांचं बोलता बोलता थांबला. "काय चालतं न्हाणीत?"

मी जमिनीकडे बघितलं. शेण नुकतंच सारवलेलं होतं, बोटांच्या खुणा अजून ओल्या. "दमलंय," मी म्हटलं.

"काय म्हणालात?" पोरीने विचारलं.

"दमलंय म्हटलंय. कान फुटले काय तुझे?"

"किती?"

आकडा तोंडातून येईना. एवढ्या वर्षांत त्या बाजूचे आकडे मी कधी वापरलेच नव्हते. "आठ," मी म्हटलं. मग बहिणीकडे बघितलं. "नऊ."

"आज?"

"दिवाळीपासून."

मग बादलीचं सगळं सांगावं लागलं. मुलगा कपाळाला हात लावून बसला. "बाबा, मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून तुमची नाडी बघत होतो," तो म्हणाला. "आणि घड्याळ विहिरीवर."

"विहिरीची नाडी बरी होती काय?" बहिणीने विचारलं.

कुणी हसलं नाही. पोरगी उठून माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता ही खूश होणार, हिचं चुकलं नव्हतं म्हणून. पण तिचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्या एका शब्दावर मी वाळू घालत गेलंय, आजोबानु. ह्या पायात सळी आसा. गुडघो सुटान पडला असतात, तर तुमका उचलतलो कोण, आणि माका विचारतलो कोण? तुमची ऐट, आणि हात माझो."

मी खुब्यावर हात ठेवला, सळी होती तिथे.

तिने मुलाला विचारलं, सुट्टी वाढवून मिळते का. त्याने दोन फोन केले, वाढवून घेतली. मग तिने नियम घातला. अंगाचं दुखणं दोनावर येईपर्यंत काही म्हणजे काही नाही. पट्टा, रबर, बादली, सगळं बंद. खायचं, झोपायचं, खळ्यात फेरी मारायची. न्हाणीच्या दाराची कडी बहिणीने आतून काढून टाकली. मी न्हात असताना ती बाहेर विळीवर नारळ खवत बसायची आणि अधूनमधून नुसतं खाकरायची.

मला कुणी दोर ओढायला सांगितला तर मी ओढीन. पण बसून राहा म्हटलेलं मला कधी जमलं नाही. त्या दिवसांत खाली रापण लागत होती. वाऱ्यावर माणसांचे आवाज यायचे, तारली मासळीचा वास यायचा, आणि मी खुर्चीत. मुलगा शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेला, एक डोळा माझ्यावर. राग कुणावर काढावा कळेना म्हणून मी कावळ्यांवर काढला.

त्या बसण्यात एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगतो. आवाज नुसते ओढण्याचे नव्हते. मध्ये मध्ये गप्पा होत्या, कुणाला तरी शिव्या, हसणं. ती माणसं दोर सोडून वाळूवरून खाली येत होती. मीही आयुष्यभर तसाच खाली आलो होतो, रिकाम्या हातांनी, प्रत्येक फेरीला. ओढणं जेवढं होतं तेवढंच हे खाली येणंही होतं. पण आम्ही त्याला विसावा म्हणत नव्हतो, कामच म्हणत होतो, म्हणून कुणाला लाज वाटली नाही. खाली न येता कुणी ओढतच राहिला असता तर माडांत घुसला असता. हे पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "ह्या माका आधी सांगलात असतात तर मी तसाच सांगलंय असतंय." मी म्हटलं, "माकाच खंय म्हायत होता."

मग एका सकाळी मी खाटेवरून उठून दारापर्यंत गेलो आणि तिथे गेल्यावर कळलं की उठल्याचं काही आठवत नाही. दात आवळले नव्हते, भिंत धरली नव्हती. परत जाऊन बसलो आणि पुन्हा उठून बघावं असं फार वाटलं. नाही बघितलं. त्याला किती जोर लागला ते माझं मला माहीत.

पोरगी आली. नाडी बघितली, मूठ दाबायला दिली. काटा वर गेला. फार नाही, पण गेला. "दुखणं किती?"

मी लगेच बोललो नाही. उजवी मांडी दाबून बघितली, डावी बघितली. "दोन," मी म्हटलं. सगळ्यांनी बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "दोन आसा. रात्री घोरलो."

खुर्ची खळ्यात आली. हात छातीवर. मी पुढे वाकलो आणि उठलो. सरळ नाही, जरा डावीकडे झोक गेला, मुलाचा हात पुढे आला आणि मला न लागता तसाच थांबला. पायऱ्यांवर मध्ये एकदा उभा राहिलो. पोरीने खालून विचारलं, "दमलात?"

मागे दोरावरचा माणूस उभा असल्यासारखं वाटलं. "होय," मी म्हटलं. "थांब जरा." मग उरलेल्या चढलो.

वर पोचल्यावर मला वाटलं आता सुटलो. पण मुलगा पिशवी भरताना म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत, बाबा. पायऱ्या ओल्या व्हायला लागल्या की मी परत येईन आणि परत बघू." म्हणजे घर माझं, पण मृगापर्यंत. पोरीने मला किनाऱ्यावर जायची परवानगी दिली, बहिणीच्या सोबतीने, आणि दोराला हात न लावता. घड्याळ हातावर राहिलं. विहिरीवर काढून ठेवायला आता कारणच उरलं नाही, कारण त्याच्याहून मोठं घड्याळ स्वयंपाकघरात पेज ढवळत असतं.

रोज सकाळी मुलाचा फोन येतो. आधी तो 'जेवलात का' विचारायचा. आता विचारतो, "बाबा, आज किती?"

काल मी अंगणात पट्टा बांधून पाय उचलले होते, पोरीने सांगितले तेवढेच, वर पायऱ्या दोनदा केल्या होत्या. मांडी जड होती, पण पेटलेली नव्हती. मी जरा थांबून मनाशी मोजलं आणि म्हटलं, "चार."

आतून आवाज आला, "पाच सांग. पायरेर धापा टाकलंस ता मी आयकलंय."

"आत्या काय म्हणतेय?" मुलाने विचारलं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर माडांतून समुद्राची पट्टी दिसत होती, तिच्यात होडी नव्हती.

"पाच," मी म्हटलं.